ओट्याचा फ्लेक्स

माणसाने निवृत्त झाल्यावर घरातल्या कोणत्याही वस्तूचं माप घेऊ नये. पेपर वाचावा, कूलरमध्ये पाणी टाकावं, बाजारात जाऊन वांग्याचा भाव विचारून परत यावं. पण हातात टेप घेऊ नये. हे मला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. खापरखेड्याच्या वीज केंद्रात ड्रॉइंग ऑफिसच्या उंच स्टुलावर ज्याची हयात गेली, त्याला मापाबद्दल दुसऱ्याने काही सांगावं हेच मुळात मला पटत नाही.

आमच्या स्वयंपाकघरातला ओटा चौतीस इंच उंच होता. बिल्डरने आमच्या अख्ख्या फ्लॅट-स्कीममध्ये सगळ्यांना सारखाच ओटा दिला होता, जणू सगळ्यांना बायकोही सारखीच मिळाली आहे. आमची कुसुम चार फूट दहा इंच आहे. ती स्वतः पाच फूट सांगते आणि या एका मापावर मी कधी टेप लावत नाही. तर ही कुसुम पाटावर उभी राहून स्वयंपाक करायची. गॅसपाशी एक पाट, सिंकपाशी दुसरा, आणि मधल्या जागेत ती एका पाटावरून उतरून दुसऱ्यावर चढायची. श्रावणात एकदा साबुदाण्याचे वडे तळताना तिचा पाय पाटावरून सरकला. लागलं काही नाही, वडेही वाचले, पण संध्याकाळी तिने मला समोर बसवून सांगितलं.

"अजी, ऐका. यंदा महालक्ष्म्यांचा सैपाक मी पाटावर चढून करणार नाही. जमिनीवर दोन पाय ठेवून करीन, नाही तं करणारच नाही."

आमच्याकडे महालक्ष्म्या, म्हणजे गणपतीतल्या गौरी, म्हणजे काय ते सांगायला हवं. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, वडे, कढी, पंचामृत, ज्वारीची आंबील, आणि जेवायला अख्खी स्कीम. त्या दिवशी कुसुमने हात वर केले तर देवी काय म्हणेल हा प्रश्न नंतरचा. खालच्या मजल्यावरचे लोक काय म्हणतील हे मला आत्ताच ऐकू येत होतं. शिवाय तिचं म्हणणं खरं होतं. बाईला आपल्या स्वयंपाकघरात दोन पाय जमिनीवर टेकवून उभं राहता येऊ नये आणि तिचा नवरा ड्राफ्ट्समन असावा, ही गोष्ट मलाच लागली.

मी म्हटलं, "झालंच समज."

नोकरीतला जुना, पिवळा पडलेला ट्रेसिंग पेपर काढला, टी-स्क्वेअर पुसला, काळ्या शाईचं पेन दोनदा धुतलं आणि कुसुमच्या कोपराचं माप घेऊन हिशेब केला. ओटा अठ्ठावीस इंच उंच हवा. मग एकास दहा प्रमाणात ड्रॉइंग काढलं. वरून दिसणारा ओटा, समोरून दिसणारा ओटा, बाजूने दिसणारा ओटा. गॅसची शेगडी, सिंक, मागच्या भिंतीची टाइल, सगळं. उत्तर दिशेचा बाणही काढला. ओट्याला उत्तर लागत नाही, पण बाणाशिवाय ड्रॉइंग म्हणजे मिठाशिवाय वरण. कोपऱ्यात सही केली आणि बऱ्याच दिवसांनी आपण कोणीतरी आहोत असं वाटलं.

समोरच्या फ्लॅटमधले गोपाळराव ते पाहायला आले. गोपाळराव सिंचन खात्यातून निवृत्त झालेत आणि त्यांचं प्रत्येक वाक्य "माह्यं ऐका" पासून सुरू होतं. मी नेहमी ऐकतो. त्यामुळेच आमच्या बाथरूमचा गिझर हॉलमध्ये आहे.

"माह्यं ऐका मनोहरराव, ड्रॉइंग झकास आहे, पण पयले दत्तोपंतांची परवानगी घ्या. नाही तं काम मधातच थांबवतील. आमच्या बाथरूमच्या वेळेस दरवाजा काढून ठेवला होता अन् तवाच परवानगी अटकली. आम्ही पडदा लावून राहिलो."

दत्तोपंत आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. स्कीमला अंगण नाही, लिफ्ट बहुतेक बंद असते, पण दत्तोपंतांनी सोसायटीचं ॲप मात्र केलं आहे. मी त्यांच्याकडे ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन गेलो. त्यांनी ती हातात घेतली, दुर्बिणीसारखी डोळ्याला लावून माझ्याकडे पाहिलं आणि परत दिली.

"कागद नाही चालत. ॲपमध्ये टाका. फोटोच्या स्वरूपात, अन् दोनशे केबीच्या आत."

"पण हे एकास दहा प्रमाणात आहे."

"असू द्या ना. मी कुठं नाही म्हणून राहिलो? दोनशे केबीच्या आत असू द्या."

मी मोबाइलने फोटो काढला तर एक रेघ सरळ येईना. माझ्या हाताने काढलेला काटकोन स्क्रीनवर तिरका दिसायला लागला. अशा अवस्थेत मी ते ड्रॉइंग कोणाला दाखवणं शक्य नव्हतं. गोपाळराव म्हणाले, माह्यं ऐका, रामदासपेठेच्या मागच्या गल्लीत पियुषचं दुकान आहे, तो स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये फोटो दुरुस्त करून देते.

पियुषच्या दुकानावर पाटी होती: 'फ्लेक्स, लग्नपत्रिका, जुने फोटो नवे करून मिळतील.' पियुष पस्तिशीचा, भला, दोन मोबाइल एकाच कानाला लावणारा माणूस. माझ्या हातातला जुनाट पिवळसर कागद पाहताच त्याने दोन्ही मोबाइल खाली ठेवले, खुर्ची पुढे सरकवली आणि हळू आवाजात विचारलं,

"कोण होते काका?"

"कोण म्हणजे?"

"म्हणजे वडील, का मोठे भाऊ? तेरवीले पायजे असन तं आजच देतो. हार टाकून देऊ का?"

मी कागद उलगडला. ओटा पाहून त्याने हाराचा विषय सोडला. मग त्याने तो स्कॅन केला, आणि माझा ओटा त्याच्या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला. त्याआधी त्या खिडकीत एका नवरदेवाचे गाल गोरे होत होते.

"स्केल एकास दहा ठेवा," मी म्हटलं.

"काका, इथं स्केल नसते. इथं पिक्सेल असते."

"एका इंचात किती?"

"तुम्ही म्हणान तितके."

मापाच्या बाबतीत 'तुम्ही म्हणाल तितके' हे उत्तर मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. भाजीवालाही असं म्हणत नाही. मी खिशातून माझी स्टीलची पट्टी काढली आणि स्क्रीनवरच्या ओट्याला लावली. त्याने माउसचं चाक फिरवलं. माझ्या पट्टीखालचा ओटा वाढला. मी पट्टी सरकवली. त्याने पुन्हा चाक फिरवलं, ओटा आक्रसला. असं काही वेळ चाललं. दुकानात लग्नपत्रिकेसाठी आलेलं एक जोडपं आमच्याकडे मोठ्या सहानुभूतीने पाहत होतं.

"काका, पट्टी नका लावू ना, स्क्रीनवर चरे पडते," पियुष म्हणाला. "तुम्ही बिनधास्त जा. मी साफ करून व्हॉट्सअॅपवर टाकतो."

'साफ करून' म्हणजे काय, हे मी विचारायला हवं होतं. संध्याकाळी फोटो आला. ओटा होता, सिंक होतं, शेगडी होती. पण मापाच्या रेघा, बाण, आकडे, मध्यरेषा, यातलं काही नव्हतं. उत्तर दिशाही गेली होती. मी फोन केला.

"काका, जुन्या फोटोवर लय ओरखडे होते," पियुष अभिमानाने म्हणाला. "एकेक करून पुसले. दीड तास बसलो. सुरकुत्या बी काढल्या."

माझ्या मापांना कोणी ओरखडे म्हणावं! ड्रॉइंग ऑफिसात असं कोणी बोललं असतं तर त्याची बदली झाली असती. मी त्याला मूळ प्रत पाठवायला सांगितलं, तर त्याने पुसलेलीच सेव्ह केली होती. पुन्हा जाऊन स्कॅन करावं म्हटलं, तर दत्तोपंतांचा ॲपवर निरोप आला की परवानगीचा आज शेवटचा दिवस. नाइलाजाने तेच चित्र टाकलं. दोनशे केबीत बसवताना ते इतकं लहान झालं की ओटा आहे की बसस्टॉप, हे सांगता येईना. लगेच उत्तर आलं: मंजूर. खाली दत्तोपंतांनी लिहिलं होतं, 'दिसून तर काही नाही राहिलं, पण नियमात आहे.'

आता मिस्त्री. महालक्ष्म्यांच्या आधी रिकामा असलेला मिस्त्री अख्ख्या बेसा रोडवर एकच होता, गोविंदा. तो रिकामा का होता हे गोपाळरावांच्या बाथरूममध्ये गेलं की कळतं. तिथलं बेसिन त्यानेच बसवलंय, आणि ते बसवल्यापासून दार पूर्ण उघडत नाही. गोपाळराव आडवे होऊन आत जातात. तरी गोपाळरावांनीच त्याचं नाव सुचवलं, कारण स्वभावाने तो चांगला आहे.

गोविंदाने येऊन जुना ओटा फोडला. कुसुम तिच्या बहिणीकडे, खाप्याला इंदुताईंकडे निघून गेली. जाताना दारात थांबून म्हणाली, "मी आली की दोन पाय जमिनीवर पायजेत. लक्षात आहे ना?" मी छातीवर हात ठेवला. मग गोविंदापुढे माझं ट्रेसिंग पेपरवरचं ड्रॉइंग पसरलं. त्याने ते आधी उलटं आणि मग सुलटं पाहिलं.

"साहेब, हे बारीक बारीक मले नाही समजत. तुम्ही भितीवर खऱ्या मापाचा फर्मा लावून द्या. मी त्याच्यावरून रेघ मारतो अन् पटापट बसवतो."

फर्मा! म्हणजे खऱ्या आकाराचं ड्रॉइंग. मला ही कल्पना इतकी आवडली की मी गोविंदाला चहा पाजला. एकास एक! चाळीस वर्षं मी मोठमोठे बॉयलर लहान करून कागदावर बसवले. आता एक लहान कागद मोठा होऊन भिंतीवर जाणार होता. आणि एकास एक म्हटल्यावर आकड्यांचीही गरज नाही. पियुषने मापं पुसली होती त्याचंही काही वाटेनासं झालं. मी त्याला फोन लावला.

"तो समोरून दिसणारा ओटा फ्लेक्सवर छापून दे. आठ फूट लांब आला पाहिजे. बरोबर आठ."

"देतो ना काका. फोटो कोणता टाकू?"

"कोणाचा फोटो?"

"फ्लेक्सवर. बिना फोटोचा फ्लेक्स कसा राहीन?"

मी म्हटलं, फोटो नको, काही नको, फक्त ओटा. तो "हो हो" म्हणाला. आता मागे वळून पाहिलं की वाटतं, ते "हो हो" मला नव्हतं, दुसऱ्या मोबाइलवरच्या माणसाला असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गेलो तर फ्लेक्स तयार होता. पियुषने मोठ्या झोकात उलगडून दाखवला. खाली ओटा. वर, मागच्या भिंतीच्या टाइलच्या जागी, मी. निवृत्तीच्या सत्कारातला, शाल-श्रीफळासकट, दोन्ही हात जोडलेला. व्हॉट्सअॅपवरचा फोटो त्याने काढून घेतला होता. माझ्या बाजूला लाल अक्षरात 'हार्दिक शुभेच्छा' आणि सगळ्यात खाली 'शुभेच्छुक: समस्त मित्र परिवार.'

"अरे, हे काय करून ठेवलं?"

"काका, वर इतकी जागा मोकळी दिसून राहिली होती. बरं नाही वाटत. गरीब वाटते माणूस."

"शुभेच्छा कशाच्या?"

"ओट्याच्या."

मी रागाने टेप काढला. लांबी मोजली. आठ फूट! सूतभरही इकडे नाही की तिकडे नाही. राग निवळला. आता एक गोष्ट सांगतो, आणि ती ज्याने आयुष्यभर ड्रॉइंग केलं आहे त्यालाच समजेल. ड्राफ्ट्समन कुठल्याही कागदावर एकच माप तपासतो. एक बरोबर निघालं की सगळी बरोबर, कारण प्रमाण एकच असतं. लांबी एकास दहा आणि उंची एकास आठ असं जगात कुठे होत नाही. निदान माझ्या जगात होत नव्हतं. त्यामुळे मी टेप खिशात टाकला. माझा चेहरा फ्लेक्सवर जरा उभट वाटत होता हे मला दिसलं, नाही असं नाही. मला वाटलं, सत्काराच्या दिवशी चतुर्थी होती, उपासामुळे असेल.

"नवा छापून देऊ का?" पियुष म्हणाला. "पण परवा येईन."

उद्यापासून गोविंदा दुसरीकडे जाणार होता आणि परवा तर महालक्ष्म्यांचं जेवण होतं. मी विचार केला, चेहरा तर भिंतीवर राहणार, ओटा खाली. चेहऱ्यावरून कोणी ग्रॅनाइट कापत नाही. फ्लेक्स घेतला. पियुष म्हणाला, शाई ओली आहे, तासभर उघडा टांगजा. घरी आलो तर जिन्यात आठ फूट जागा नाही. म्हणून खाली कंपाउंडच्या रेलिंगवर, रस्त्याकडे तोंड करून, फ्लेक्स वाळत घातला आणि मी वर जाऊन अंघोळीला बसलो.

या एका अंघोळीने घात केला. मी डोक्यावर तांब्या ओतत होतो तेव्हा खाली माणसं जमत होती. सोसायटीची निवडणूक पुढच्या महिन्यात होती हे मला माहीत होतं, पण माझा तिच्याशी संबंध असल्याचं माहीत नव्हतं. लोकांनी पाहिलं, मनोहररावांचा हात जोडलेला फोटो, हार्दिक शुभेच्छा, मित्र परिवार, आणि खाली मोठा थोरला ओटा. कोणीतरी म्हणालं, निशाणी आहे. झालं. मी केस पुसत खाली आलो तोवर दूधवाल्याने मला मत द्यायचं कबूलही केलं होतं. तो स्कीममध्ये राहतही नाही.

मी घाईघाईने फ्लेक्स काढला, वर नेला, गोविंदाच्या मदतीने भिंतीवर चिकटवला. खालची कड जमिनीला टेकवली. ओळंबा लावून पाहिला. मग मी गोविंदाकडे वळलो आणि माझ्या साहेबांचा आवाज काढून म्हणालो,

"नीट ऐक. या फर्म्याच्या बाहेर सूतभरही जायचं नाही. टेप लावायचा नाही, डोकं लावायचं नाही. फर्मा म्हणजे फर्मा."

"डोकं नाही लावत साहेब," गोविंदा म्हणाला, आणि त्याने शब्द पाळला.

तेवढ्यात गोपाळराव धापा टाकत आले. "माह्यं ऐका, खाली चला. दत्तोपंतांनी तातडीची मीटिंग बोलावली. तुमच्यावरच आहे."

मी म्हटलं, मी इथून हलणार नाही, इथे माझं काम चालू आहे. गोपाळराव म्हणाले, गेला नाहीत तर परवानगी रद्द करतात म्हणे. तेव्हा गेलो.

सोसायटीच्या खोलीत दत्तोपंत फुगून बसले होते. त्यांचं म्हणणं असं की, निवडणूक लढवायची तर खुशाल लढवा, पण परवानगी ओट्याची घेतली आणि प्रचार स्वतःचा केला हा ॲपचा अपमान आहे. मी सांगितलं की तो माझा ओटा आहे. ते म्हणाले, निशाणी सोसायटी देते, उमेदवाराने आपली आपण घ्यायची नसते. मी म्हटलं, अहो निशाणी नाही, फर्मा आहे. मग फर्म्यावर शुभेच्छा कशाला, असं त्यांनी विचारलं. पियुषचं उत्तर द्यायची मला लाज वाटली.

गोपाळरावांनी माझी बाजू घेतली आणि तिथे सगळं बिघडलं. ते उठून म्हणाले, "अन् उभे राहिले तं काय झालं? लिफ्ट कवापासून बंद आहे? मनोहररावांसारखा टेक्निकल माणूस पायजेच!" चार जणांनी टाळ्या वाजवल्या. दत्तोपंतांचा चेहरा पडला. मी उठून शपथेवर सांगितलं की मला सेक्रेटरी व्हायचं नाही. त्यावर मागून कोणीतरी म्हणालं, "पाहा, किती नम्र माणूस आहे!" आणखी टाळ्या. मी जितकं नाही म्हणालो तितकी मतं वाढत गेली. शेवटी चहा आला, समोसे आले, लिफ्टचा विषय निघाला, पाण्याच्या टाकीचा निघाला, आणि दत्तोपंतांनी डोळ्यांत पाणी आणून आपण सोसायटीसाठी काय काय केलं ते सांगितलं. मला त्यांची दया आली. मी त्यांच्याच नावाचा प्रस्ताव मांडला तेव्हा कुठे मला सोडलं.

वर आलो तर दिवस मावळत होता आणि गोविंदा हात धूत होता. ओटा उभा होता. काळाभोर, चकचकीत, सरळ. फ्लेक्सवरच्या रेघेला रेघ लागून, सूतभर इकडे नाही की तिकडे नाही. मला भरून आलं. माझी रेघ आणि दगड यांच्यामध्ये मी एवढ्या जवळून कधी उभा राहिलो नव्हतो. गोविंदाला मी शाबासकी दिली आणि तो दुसऱ्या कामावर गेला, तो गेलाच.

दुसऱ्या दिवशी कुसुम खाप्याहून आली. मी ओट्याला झेंडूची माळ लावली होती, नारळ आणला होता. गोपाळराव आणि त्यांच्या पत्नी प्रयागबाई उद्घाटनाला हजर होते. मी म्हणालो, "ये. दोन पाय जमिनीवर ठेव."

कुसुमने दोन पाय जमिनीवर ठेवले. हसली. मग दोन्ही हात ओट्यावर ठेवायला गेली, आणि हात वर गेले. खांदे कानाला लागले. ती तशीच उभी राहिली. पोलिसांनी हात वर करायला सांगावं तशी. प्रयागबाईंनी तोंडाला पदर लावला.

"अजी," कुसुम म्हणाली, "हा वाढला."

मी टेप लावला. टेपवर विश्वास बसेना म्हणून स्टीलची पट्टी लावली. पस्तीस इंच. जुना चौतीस होता. एवढा खटाटोप करून मी बायकोला एक इंच आणखी खाली ढकललं होतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तोही आमच्याच भिंतीला टेकून.

मी भिंतीवरून काढून ठेवलेला फ्लेक्स जमिनीवर पसरला. लांबी आठ फूट. बरोबर. उंची मोजली. माझ्या ड्रॉइंगप्रमाणे चार यायला हवी होती, पाच भरली. कुसुमने वाकून माझ्या फोटोकडे पाहिलं.

"तुमचं तोंड काहून दुधीभोपळ्यासारखं झालं?"

मी पियुषला फोन लावला. उंची पाच फूट कशी, ते विचारलं.

"काका, आमचा रोल पाच फुटाचा येते," तो शांतपणे म्हणाला. "खाली एक फूट कपडा वाया जाऊन राहिला होता. म्हणून उभं खेचून दिलं. त्याचे वेगळे नाही लावले."

"अरे, फक्त उभं? आडवं नाही?"

"आडवं तं बरोबर होतं ना काका. तुम्हीच म्हटलं, बरोबर आठ."

मी फोन ठेवला. एखादं चित्र एकाच बाजूने ओढता येतं, दुसऱ्या बाजूला पत्ता न लागू देता, हे मला माहीतच नव्हतं. एवढी वर्षं ज्या जमिनीवर उभा होतो ती रबराची आहे असं कोणी सांगितल्यासारखं झालं. मी सरळ जाऊन सोफ्यावर बसलो. मला खरोखर वाईट वाटत होतं. ओटा चुकला म्हणून तर वाटतच होतं, पण मी "झालंच समज" म्हणालो होतो आणि तिने समजलं होतं, त्याचं जास्त. महालक्ष्म्या उद्यावर आल्या होत्या. गोविंदाचा फोन लागत नव्हता. गोपाळराव म्हणाले, माह्यं ऐका, पाट थोडे मोठे करून घ्या. प्रयागबाईंनी त्यांना हाताला धरून घरी नेलं.

कुसुम स्वयंपाकघरातून बाहेर आली. मला वाटलं आता रडेल, किंवा रागावेल, किंवा परत खाप्याला जाईल. तिने मला उठवलं, आत नेलं आणि ओट्यासमोर उभं केलं.

"हात ठेवा."

ठेवले. कोपर नीट काटकोनात आले. पाठ सरळ. खांदे मोकळे. मी पावणेसहा फूट आहे. माझ्यासाठी इतका बरोबर ओटा मलाही काढता आला नसता.

"बसला ना बरोबर?" कुसुम म्हणाली. "मंग झालं तं. घरात एकाच्या मापाचा असला म्हणजे झालं."

मी म्हणालो, मला स्वयंपाक येत नाही. ती म्हणाली, "मले येते ना. मी सांगते." आणि तिने जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून स्वयंपाकघराच्या दारात ठेवली.

महालक्ष्म्यांच्या दिवशीचं सगळं सांगत नाही. सोवळं नेसून पहाटे उभा राहिलो तो दुपारी बसलो. कुसुम दारात खुर्चीवर, दोन्ही पाय जमिनीवर सपाट, आणि तोंडाने सूचना. आमच्या चीफ ड्राफ्ट्समनचा आवाज असाच होता. तेही स्वतः उठत नसत. पुरण सैल झालं, पुन्हा आटवलं. आंबिलीत गुठळ्या झाल्या, त्या मी एकेक फोडल्या. पोळी मात्र मी परिघाने बरोबर लाटली, कंपासने काढल्यासारखी. फक्त मध्यावर फाटत होती. कुसुम म्हणाली, मध्य सोडा, कडा सांभाळा. नैवेद्याचं ताट मांडलं तेव्हा भाज्या सोळा होत्या आणि मीठ चौदांतच होतं. देवी काही बोलली नाही.

पंगती बसल्या. दत्तोपंत दोन पुरणपोळ्या खाऊन डोळे पुसत म्हणाले, असा उमेदवार समोर असता तर माझं काही खरं नव्हतं. मी आत वाढपाची भांडी भरत होतो आणि मला बायकांचा घोळका दारातून आत डोकावताना दिसत होता. ओट्यापुढे मी, खुर्चीवर कुसुम. प्रयागबाई तिच्या कानाशी वाकल्या. त्यांना वाटलं मला ऐकू जात नाही.

"अवं कुसुम, हे कसं जमवलं वं तू?"

"काही नाही वं," कुसुम म्हणाली. "ओटा थोडा उंच करून घ्यायचा, बस."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बेल वाजली. दारात गोपाळराव. चेहरा उतरलेला, हातात टेप. मागे त्यांच्या दाराच्या फटीतून प्रयागबाई पाहत होत्या.

"मनोहरराव," ते म्हणाले. त्या दिवशी "माह्यं ऐका" नव्हतं. "बायको म्हणून राहिली, ओट्यासाठी माह्या कोपराचं माप घेऊन द्या. थोडं कमीच लिहा ना बाप्पा."

मी त्यांना भिंतीला पाठ लावून उभं केलं, हात काटकोनात धरायला सांगितलं आणि नीट, दोनदा मोजलं. दोस्त असले तरी मापात मी सूतभरही सूट दिली नाही.